व्याकरण कोणाकडून मिळते? : परभाषकांची मराठी आणि मराठीचे कैवारी

मराठीच्या भवितव्याविषयी गेल्या काही वर्षांत जे लेखन झाले, त्यात एक गृहीतक जवळजवळ सर्वत्र आढळते. बाहेरून आलेला माणूस मराठी शिकत नाही, आणि शिकलाच तर तिचे व्याकरण बिघडवतो, असे ते गृहीतक आहे. त्याचा पूर्वार्ध आंदोलकांनी उचलला आहे, उत्तरार्ध प्राध्यापकांनी. एक जण दुकानदाराला मराठी बोलण्याची सक्ती करतो. दुसरा त्या मराठीतील लिंगवचनाचे दोष मोजतो. प्रौढ वयात दुसरी भाषा आत्मसात करणाऱ्या माणसाला तिचे व्याकरण मिळते तरी कोठून, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडत नाही. तो टाळून केलेली चर्चा भाषाविचार या नावास पात्र ठरत नाही. ती फार तर सार्वजनिक नाराजी ठरते. मराठी समीक्षाही या नाराजीत सामील झालेली असल्यामुळे त्या गृहीतकाची तपासणी येथे आवश्यक आहे.

तपासणीसाठी पुण्याच्या नैर्ऋत्येची धायरी पुरेशी आहे. धारेश्वराच्या देवळाचे हे जुने गाव. त्याचा उरलेला भाग २०१७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. पण सिंहगड रस्त्याच्या कडेने गृहसंकुले उभी राहण्यास त्यापूर्वीच बराच काळ लोटला होता. नऱ्ह्याच्या अंगाला लहान कारखान्यांच्या शेड आहेत. त्या शेडमध्ये, इमारतींच्या परांच्यांवर आणि हातगाड्यांवर काम करणारी माणसे उत्तर कर्नाटकातून, तेलंगणातून, राजस्थानातून, उत्तर प्रदेश आणि बिहारच्या पूर्व भागांतून आलेली आहेत. धायरी फाट्यावर संध्याकाळी ऐकू येणारा संवाद साधारण असा असतो. गाडीवाला म्हणतो, ‘ताई, पपई घ्या, एकदम गोड आहे, आजच आला.’ त्यावर ताई विचारतात, ‘भैया, कितने का दिया?’

या दोन वाक्यांत प्रस्तुत वादाचा बराचसा ऐवज आहे. गाडीवाल्याची चूक एका प्रत्ययाची आहे : पपई मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘आली’ हवे होते. त्याने ‘आला’ म्हटले, कारण त्याच्या भाषेतला पपीता पुल्लिंगी आहे. शब्द त्याने मराठी घेतला, लिंग मात्र घरचे ठेवले. ताईंनी ‘हो का, आजच आली का?’ एवढे सहज म्हटले असते, तर जे मिळायला हवे ते त्याला न मागता मिळाले असते. ताईंनी त्याऐवजी भाषाच बदलली. त्यात सौजन्यही असेल, सवय असेल, किंचित तुच्छताही असेल, परिणाम एकच. मराठीचे एक उदाहरण त्याच्या कानावर पडायचे राहिले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी तो हिंदीतच सुरुवात करील ही शक्यता वाढली. याच ताई घरी पोचल्यावर पुण्यात मराठी ऐकू येत नाही अशी तक्रार करतात, ही बाब विनोदी असली तरी दुर्मीळ नाही.

चुकीकडे पाहण्याची दृष्टी भाषाविज्ञानात बदलून अर्धे शतक उलटले आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या मनात बनत असलेल्या व्यवस्थेचा पुरावा असतो. चुकांतून दिसतो तो त्याचा त्या वेळचा नियम. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या व्यवस्थेला नाव दिले. मराठीत तिला ‘आंतरभाषा’ म्हणता येईल. ती मातृभाषाही नव्हे आणि लक्ष्यभाषाही नव्हे. तिला स्वतःचे नियम असतात आणि ते टप्प्याटप्प्याने बदलतात. हे सारे मराठी विद्यापीठांतील भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते. परीक्षा संपल्यावर तेच अभ्यासक रस्त्यावर ‘अशुद्ध’ मराठी ऐकून कान झाकतात.

मराठी क्रियापदाच्या एका स्थळी हा दुटप्पीपणा फार स्पष्ट दिसतो. ‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य परभाषकाच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितले जाते. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ असा कर्मणी प्रयोग होतो. क्रियापद भाकरीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. परंतु हीच मराठी ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी खोटे बोललो’ असेही म्हणते. ही सारी क्रियापदे कर्म घेतात, आणि भूतकाळातही ती कर्त्याच्या मागे जातात. ‘मी चहा प्यालो’ ऐकलेला माणूस ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतो, तेव्हा त्याने मराठीतूनच एक नियम काढलेला असतो आणि तो नियमितपणे लावलेला असतो. अपवादांची यादी त्याच्यापाशी नाही, इतकेच. शिवाय प्रमाण मराठीची स्वतःची बाजू तरी कितपत स्वच्छ आहे? ‘तू भाकरी खाल्लीस’ या रूपात ‘ली’ भाकरीची आहे आणि ‘स’ कर्त्याचा. दोन घरचा पाहुणचार घेणाऱ्या या रूपाला मराठी व्याकरणाने ‘कर्तृकर्मसंकर’ असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. मातृभाषकाने केला तर संकर हा प्रयोगाचा प्रकार ठरतो, परभाषकाने केला तर दोष.

याच वाक्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. हिंदीत ‘मैंने रोटी खाई’ अशी रचना असल्यामुळे प्रमाण हिंदी बोलणाऱ्याला मराठीचा कर्मणी प्रयोग परका वाटत नाही. पण भोजपुरी, मगही, मैथिली आणि अवधी या बोलींत ‘ने’ची ही रचना नाही, तेथे भूतकाळातही क्रियापद कर्त्याशी बांधलेले असते. धायरीतील ज्या कारागिराला सगळे ‘हिंदीवाला’ म्हणतात, तो बलियाचा किंवा सिवानचा असेल तर ‘खाल्लो’ त्याच्या तोंडी येण्यास त्याची बोली कारण असू शकते. विजयपूरकडून आलेला गवंडी हेच वाक्य म्हणतो ते कानडीच्या वळणाने. एकाच चुकीमागे दोन वेगळी व्याकरणे आहेत. ‘परप्रांतीयांची मराठी’ अशी एकसंध वस्तू अस्तित्वात नाही. ती ऐकणाऱ्याच्या आळसाने निर्माण केलेली आहे.

लिंगाबाबत असेच. कानडीत लिंग अर्थावरून ठरते. निर्जीव वस्तू आणि पशू नपुंसकलिंगी. म्हणून कानडीभाषक ‘गाडी आलं’, ‘खुर्ची मोडलं’ म्हणतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदीभाषकाचे ‘माझा घर’. दोघांचेही तर्क निर्दोष आहेत. मराठीची लिंगव्यवस्था मात्र तर्काला दाद देत नाही, आणि ती कोणत्याही नियमावलीतून येत नाही. मराठी मुलाला ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी असल्याचे कोणी शिकवलेले नसते. ‘ही खुर्ची’, ‘मोडकी खुर्ची’, ‘खुर्ची सरकव ती’ अशी शेकडो वाक्ये त्याच्याकडे पाहून कोणीतरी बोललेले असते. प्रौढ परभाषकाला हे लिंग हवे असेल तर तेवढी नाही तरी बरीच वाक्ये त्यालाही मिळायला हवीत. पुस्तकावर विसंबावे तर तेथे वेगळीच अडचण. बोलताना मराठी माणूस ‘चांगलं घर’ म्हणतो, लिहिताना ‘चांगले घर’. आणि लेखनातले हे ‘चांगले’ ‘चांगले मुलगे’ यातील ‘चांगले’हून वेगळे दिसत नाही. १९६२च्या लेखननियमांपूर्वी नपुंसकलिंगी एकवचनावर अनुस्वार असे, ‘चांगलें’. तो गेला याबद्दल मातृभाषकाने अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्याच्या कानात ‘चांगलं’ आहेच. परंतु डोळ्यांनी शिकणाऱ्याच्या वाटेवरची एक खूण त्याबरोबर पुसली गेली, आणि त्या वेळच्या वादात या शिकणाऱ्याची गणती कोणी केल्याचे दिसत नाही.

सामान्यरूपाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ‘पुणे मध्ये’ हे परभाषकाचे पाप मानले जाते. पुण्यातील जाहिरातफलकांवर ते आता मराठी माणसांकडूनच लिहून घेतलेले आढळते.

या सगळ्या चर्चेत सोयीस्कर विस्मरण आहे ते मराठी व्याकरणाच्या इतिहासाचे. आधुनिक काळातील मराठी व्याकरणलेखनाचा मोठा भाग परभाषकांच्या गरजेतून निर्माण झाला. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले ते कंपनीच्या नोकरांना मराठी यावी म्हणून, आणि ते सिद्ध झाले वैजनाथशास्त्र्यांच्या साहाय्याने. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६चे. त्याच्याही आधी, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज मिशनरी १५७९ साली गोव्यास आले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. आणि १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. तिशीनंतर परकी भाषा आत्मसात होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या ग्रंथाची काही तरी व्यवस्था लावली पाहिजे. स्टीफन्स यांच्यासमोर मराठीचे छापील व्याकरण नव्हते; सालसेतची माणसे होती, आणि ती त्यांच्याशी बोलत होती. धर्मसत्तेचा दाब त्या बोलण्यामागे होता हे खरे, आणि तो नजरेआड करू नये. साष्टीतील शेतकऱ्याला पाद्र्याशी बोलणे भाग होते, धायरीतील ग्राहकाला हातगाडीवाल्याशी मराठीत बोलणे भाग नाही. दुसऱ्या भाषेचे व्याकरण कोणाला मिळावे हे बरेचदा असे सत्तेने ठरते. उलट दिशेचे उदाहरण काका कालेलकरांचे. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस प्रौढ वयात गुजरातीत गेला, गांधीजींकडून ‘सवाई गुजराती’ म्हणवून घेता झाला, आणि १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला तो गुजराती ग्रंथासाठी. आश्रमात आणि विद्यापीठात त्यांच्याशी गुजरातीच बोलली जात होती; त्यांच्या सोयीसाठी कोणी हिंदीवर उतरत नव्हते.

येथे विरुद्ध टोकाच्या मताचाही समाचार घेणे प्राप्त आहे. स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या सुमारास ‘अध्ययन’ आणि ‘संपादन’ असा भेद करून असे प्रतिपादन केले की नियमांचे शिक्षण केवळ बोललेले तपासण्यापुरते उपयोगी पडते. भाषा येते ती समजेल अशी भाषा पुरेशी ऐकल्याने. भारतात एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या प्रकल्पात व्याकरणाचे पाठ बाजूस ठेवले आणि नकाशे, वेळापत्रके, लहान समस्या सोडवून घेत इंग्रजी शिकवून पाहिले. या प्रयोगांतून मराठीतील काही शिक्षणचिंतकांनी व्याकरण शिकवूच नये असा सोपा निष्कर्ष काढला. तो टिकत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या शाळांत शिकणारी इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकतात, उत्तम समजतात, तरी लिंगाच्या आणि क्रियारूपांच्या चुका करत राहतात असे मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवले. त्यांचा निष्कर्ष असा की ऐकणे पुरत नाही. बोलावे लागते, आणि समोरच्याने अधिक नेमके बोलायला भाग पाडावे लागते. गाडीवाल्याला दिवसभर मराठी ऐकू येतेच. त्याला मिळत नाही तो आपले मराठी वाक्य पुरे होईपर्यंत थांबणारा श्रोता.

सेलिंकर यांनी आंतरभाषेच्या थिजण्याचीही चर्चा केली आहे : शिकणाऱ्याचे व्याकरण एका टप्प्यावर थांबते आणि पुढे हलत नाही. हे वयामुळे होते, बुद्धीमुळे होते, की आणखी कशामुळे? जॉन शुमन यांनी १९७८ साली अमेरिकेतील कोस्टा रिकाच्या एका स्थलांतरित कामगाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी अगदी प्राथमिक टप्प्यावर अडले होते, आणि शुमन यांनी त्याचे मुख्य कारण त्याच्या व यजमान समाजाच्या दरम्यान असलेल्या सामाजिक अंतरात शोधले. त्यांच्या सिद्धांताचे तपशील विवाद्य ठरले असले, तरी महाराष्ट्रात ते अंतर कोण राखतो हे विचारण्यास त्यांच्यामुळे हरकत उरत नाही. परांचीवरच्या माणसाला मुकादम हिंदीत हुकूम देतो, सदनिकेचा मालक मोडक्या हिंदीत फरशी दाखवतो, सोसायटीचा सुरक्षारक्षक मराठीत बोलू लागला तरी त्याला हिंदीतच उत्तर मिळते. त्याची मराठी ‘किती?’, ‘उद्या येतो’, ‘झालं साहेब’ यांवर थांबली, तर ती त्याने थांबवली असे म्हणण्यास आधार काय?

बोलण्याचा व्यवहार खरोखर सर्व बाजूंनी झाला तर काय घडते, याचे जगभर उद्धृत केले जाणारे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाविषयी जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली लिहिले. तेथे जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू, भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी, दोरखंड वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू. आणि परस्परांशी बोलायला, कोणत्याही वरचढ गटाची नव्हे म्हणून, बहुधा मराठी. शतकानुशतकांच्या या व्यवहारात शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दाला शब्द ठेवून रूपांतर करता यावे. तेथील मराठीचे लिंगही कानडीच्या शिस्तीत गेले. हे ज्याला बिघाड वाटेल त्याने प्रमाण मराठीकडेही एकदा त्याच नजरेने पाहावे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा भेद, किंवा सांगितलेल्या गोष्टीमागे येणारे ‘म्हणून’, यांना द्राविडी भाषांत जवळचे सोबती आहेत. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी त्याच वर्षी मराठीच्या घडणीतच आर्य आणि द्राविड भाषकांच्या संकराचा माग काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचे मत सर्वमान्य झालेले नाही, आणि होण्याची गरजही नाही. द्राविडी भाषा बोलणाऱ्या पुष्कळ माणसांनी कधी काळी मराठीची पूर्वज भाषा दुसरी भाषा म्हणून उचलली, त्यांच्या चुका त्यांच्या मुलांच्या तोंडी बसल्या, एवढे मान्य केले तरी आज ज्या व्याकरणाचे रक्षण चालले आहे त्यात परभाषकांचा हात होता हे मान्य होते.

साहित्यसमीक्षेचा दोष याहून सूक्ष्म आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रातील बेळगावी मराठी कानडीच्या वळणाने चालते, आणि तिने मराठी वाचकाला दोन पिढ्या मोहिनी घातली. ती मोहिनी रास्त आहे. तेथे लेखकाने चुका नुसत्या मोजलेल्या नाहीत. त्यांमागचे दुसरे व्याकरण त्याच्या कानाला अचूक ऐकू आले आहे. परंतु रावसाहेब हे संगीत-नाटकाचे दर्दी आणि खानदानी गृहस्थ आहेत. त्यांचे चुकलेले लिंग दिलदारपणाचा भाग होते. तेच लिंग विजयपूरच्या गवंड्याच्या तोंडी चुकले की ते त्याच्या जागेची खूण होते. समीक्षेने या फरकाची दखल घेतलेली नाही. मराठी नाटक-चित्रपटांतून आणि पुढे मालिकांतून वावरणारा ‘भैया’, ‘अण्णा’ किंवा ‘शेठजी’ हे तर कानाने घडवलेलेच नाहीत. त्यांचे बोलणे ठरीव आहे : चार हिंदी शब्द, एक चुकलेले लिंग, शेवटी हशा. बलियाचा माणूस आणि जयपूरचा माणूस तेथे एकाच तऱ्हेने चुकतात, जे प्रत्यक्षात घडत नाही. आंतरभाषा बदलते; पहिल्या वर्षीचा माणूस आणि दहाव्या वर्षीचा माणूस वेगळ्या चुका करतात. एखादे पात्र कादंबरीच्या आरंभी ‘माझा घर’ म्हणते आणि अखेरीस ‘माझं घर’, एवढ्याने त्या पात्राचा एक प्रवास सांगून होऊ शकतो. ही शक्यता मराठी कादंबरीने क्वचितच अजमावली असेल. आणि देशीयतेवर चार दशके वाद घालणाऱ्या समीक्षेने तिच्याकडे ही मागणी केली नाही.

शासनाने आपल्या परीने उत्तर शोधले आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. कायद्याच्या शीर्षकात अध्यापन आणि अध्ययन हे दोन्ही शब्द आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि जूनच्या अखेरीस मागे घेतला गेला. त्या वादात भाषा किती असाव्यात आणि कोणत्या इयत्तेपासून असाव्यात यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. वर्गाबाहेर मूल ती भाषा कोणाशी बोलणार, याचा उल्लेख त्यात अभावानेच आला. धायरीतील फरशी कामगाराचा मुलगा शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ करतो. मधल्या सुटीत मराठी घरची मुले त्याच्याशी हिंदीत खेळतात, कारण त्यांनी मोठ्यांना तसेच करताना पाहिले आहे. तक्त्यावर त्याला गुण मिळतील. ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते हे त्याला तक्त्यावरून माहीत होईल. पाऊस आल्यावर त्याच्या तोंडून ‘पाऊस मध्ये’ निघेल, आणि त्याला हसणारा वर्गमित्र त्याच दमात त्याच्याशी पुन्हा हिंदी बोलू लागेल.

मराठी शिकणारा कानडीभाषक, तेलुगूभाषक आणि भोजपुरीभाषक तिचे कोणते रूप आधी उचलतो, कोणते उशिरा, कोणते कधीच नाही, आणि कोणाच्या सहवासात, याच्या नोंदी मराठी विभागांनी अशा वस्त्यांमध्ये बसून घ्यायला हव्यात. कर्मणी प्रयोग सामान्यरूपाच्या आधी येतो की नंतर, हे कळल्यावाचून परभाषकांसाठी लिहिलेले कोणतेही पाठ्यपुस्तक अंदाजाने लिहिलेले असणार. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७५ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भव्याकरण सिद्ध केले, ते फलटणमध्ये मराठी बोलत राहून. ते अमेरिकन विद्यार्थ्यासाठी होते. विजयपूरच्या गवंड्यासाठी आणि बलियाच्या सुतारासाठी तसे काम व्हायचे आहे, आणि ते होईपर्यंत त्यांच्या चुकांवर निकाल देण्याचा अधिकार कोणाला पोचतो, याचे उत्तर प्रथम निकाल देणाऱ्यांनी द्यावे.